अल्टो ८०० चा क्लच घरीच बदलला : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले, गाडी साधारण सात हजार किलोमीटर चालली. क्लच घसरत नाही, रिव्हर्स कुरकुर न करता पडतो, पेडल हलकं आहे. क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असा सेट दोन ते चार हजारांच्या दरम्यान मिळतो आणि नावाजलेल्या कंपन्यांत फार डावं-उजवं नसतं. काम टिकतं की नाही, हे ठरतं ते बसवताना: प्लेट मधोमध आली का, तिला तेलाचा हात लागला का आणि गिअरबॉक्स तिच्यावर लोंबकळला का.

आधी दुखणं क्लचचंच आहे याची खात्री करा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. तरीही लगेच गिअरबॉक्सला हात लावू नका. पेडलला फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी चाल) उरला नसेल तर चांगली प्लेटही घसरते. केबलच्या टोकाचा नट ढिला करून पुन्हा बघा. कधी कधी काम तिथेच संपतं.

१० ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, टॉमी (उचकटायची लोखंडी पहार), दोन जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच आणि जाड फळ्या एवढ्यावर भागतं. दोन गडी मात्र हवेतच, कारण गिअरबॉक्स सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतका भरतो. विटांवर गाडी कधीही टेकवू नका, वीट न सांगता फुटते. आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात मातीच्या अंगणात हे काम काढू नका, जॅक रुततो.

बॅटरीची निगेटिव्ह तार, क्लच केबल, गिअरची जोडणी, रिव्हर्स लाईट आणि स्पीडोमीटरच्या वायरी, स्टार्टर असं सोडवत जा. गिअर ऑइल आधी काढा, नाहीतर एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा) निघताच सगळं अंगावर येतं. हब नट उघडायची गरज नाही: खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून हब बाहेर ओढला की जागा होते. एक्सल गिअरबॉक्सच्या बाजूने टॉमीने उचकटा. शाफ्टला धरून ओढलात तर आतला जॉइंट सुटतो, बूट फाटतो. माउंटिंग काढण्याआधी सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) फळी ठेवून इंजिनाला जॅक द्या.

बेल हाउसिंग, म्हणजे क्लचला झाकणारं गिअरबॉक्सचं तोंड, त्यातली काळी भुकटी हवेने उडवू नका. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर टेकते ती इंजिनाची जड चकती, नीट पाहा. हलकी चकाकी असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चालतं. निळे डाग, केसासारख्या चिरा किंवा नखाला लागणारी पायरी असेल तर फ्लायव्हील उतरवा. चिरा खोल असतील तर बदला, बाकी लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम हाकेच्या अंतरावर होतं. इंजिनाचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (प्लेट जिच्यावर बसते त्या दांड्याचं) सीलही याच वेळी बदला. शे-दोनशे रुपये वाचवले आणि सील गळलं, तर तेल नव्या प्लेटवरच येतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता नवी प्लेट. आधी ती इनपुट शाफ्टच्या दात्यांवर हाताने सरकवून बघा, सहज जायला हवी. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि हे कळतं ते सगळं जोडून झाल्यावर! दात्यांवर ग्रीस नखभर, जास्तीचं पुसून टाका. रिलीज बेअरिंग पेट्रोल-रॉकेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. प्लेट मधोमध आणायला सेटबरोबर प्लास्टिकची दांडी आली नसेल, तर लाकडी दांडीला टेप गुंडाळून माप जुळवा. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा आटा करत आवळा, शेवटी २० ते २५ न्यूटन-मीटर. एकाच बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि क्लच सोडताना गाडी थरथरते.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचं बोटभर अंतर राहिलं की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो नाहीतर हाउसिंगचा कान तुटतो. साथीदाराला क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) बोल्ट थोडा फिरवायला सांगा. दाते जुळले की गिअरबॉक्स आपसूक आत जातो.

पेडलला २० मिमी फ्री प्ले ठेवला होता. तीन महिन्यांत तो १२ वर आला. प्लेट जसजशी बसते तसा तो कमी होतो, म्हणून पुन्हा २० केला, त्यानंतर हललेला नाही. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की पहिल्यांदा सोडताना किंचित थरथर जाणवते. ती फ्लायव्हीलवर बसलेल्या गंजाच्या पुटामुळे होते, दोन-तीन वेळा क्लच लागला की जाते. तक्रार एकच: डाव्या एक्सलच्या सीलपाशी ओल दिसते. एक्सल आत घालताना सीलच्या ओठाला तेल न लावल्याचा हा परिणाम.

पहिले तीन-चारशे किलोमीटर गावातच फिरवा, गगनबावड्याचा घाट नको. नंतरही सवय महत्त्वाची. गळीत हंगामात कागल-शिरोळच्या रस्त्यांवर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे हाफ क्लचवर रांगत राहण्यापेक्षा न्यूट्रल करून थांबा आणि अंतर पडलं की पहिल्या गिअरमध्ये निघा. जोतिबाच्या चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा.