वेळेचे शब्द इंग्रजीतून फ्रेंचमध्ये: यंत्र-अनुवाद आणि स्वतःची शब्दसूची, आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कशासाठी: सभांच्या नोटिसा, करार, माल पोचवण्याची पत्रं. व्याकरणाबद्दल फारशी तक्रार नाही. चुकते ती वेळ, आणि वाक्य इतकं गुळगुळीत उतरतं की चूक दिसतही नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून बघायचं. 'इन टेन डेज' म्हणजे दहा दिवसांनी की दहा दिवसांत? इंग्रजी हे झाकून ठेवतं, मराठीत ठरवावंच लागतं. 'दिवसांनी' असेल तर 'दाँ दी झूर', 'दिवसांत' असेल तर 'आँ दी झूर'. 'काम दहा दिवसांत उरकू' हे 'दाँ'ने गेलं, की समोरच्याला कळतं: दहा दिवसांनंतर करणार. वर 'दाँ ले दी झूर' म्हटलं, मध्ये फक्त एक 'ले' घातला, की अर्थ पुन्हा 'दहा दिवसांच्या आत' असा होतो. तपासताना नजर या 'ले'वर हवी.

'फॉर थ्री इयर्स'चंही तसंच. 'गेली तीन वर्षं राहतोय' असेल तर 'दप्युई', आणि क्रियापद मराठीसारखंच वर्तमानकाळात. 'तीन वर्षं राहिला, मग गेला' असेल तर 'पाँदाँ'. 'तीन वर्षांसाठी चाललाय' असेल तर 'पूर'. 'व्हेन ही कम्स'मध्ये इंग्रजी वर्तमानकाळ वापरतं. फ्रेंच मात्र आपल्या 'येईल तेव्हा'सारखा भविष्यकाळच मागते. आठवड्याला 'वी झूर', म्हणजे आठ दिवस, आणि पंधरवड्याला 'कँझ झूर', म्हणजे पंधरा दिवस, हे तर आपल्याच मोजणीतलं वाटतं.

पण मराठीच पाय ओढते अशाही जागा आहेत. पहिली 'पर्यंत'. 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत, आणि मग हात आपसूक 'झ्युस्का वाँद्रदी'कडे जातो. त्याचा अर्थ निघतो, शुक्रवारपर्यंत कागद पाठवतच राहा. मुदतीसाठी 'दिसी वाँद्रदी' चालतं. करारात मात्र 'ओ प्ल्यु तार', म्हणजे उशिरात उशिरा, आणि पुढे पूर्ण तारीख. 'आव्हाँ', म्हणजे 'आधी', टाळावा, कारण त्यात खुद्द शुक्रवार धरायचा की नाही यावरून वाद होतो. दुसरी जागा 'आज रात्री'. रात्री आठचं जेवण फ्रेंचमध्ये 'स स्वार', आजची संध्याकाळ. 'सेत न्युई' म्हणजे झोपण्याच्या वेळची रात्र, आणि संदर्भानुसार ती कालची, नुकतीच सरलेलीही असू शकते.

फसवे जुळे शब्द, म्हणजे दोन भाषांत सारखे दिसणारे पण अर्थाने वेगळे, बहुतेकांना ठाऊक असतात, तरी 'देले' अजून घात करतो. तो 'डिले' नाही. 'देले' म्हणजे दिलेली मुदत आणि 'रतार' म्हणजे उशीर. 'साँ देले' म्हणजे ताबडतोब. 'इव्हेंच्युअली'चा 'एव्हाँत्युएलमाँ' केला, तर 'शेवटी पैसे देऊ' याचं 'जमलं तर देऊ' होतं.

'बिझनेस डेज'वर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. फ्रान्समध्ये 'ऊव्रे' म्हणजे कचेरी प्रत्यक्ष चालू असते ते दिवस, बहुधा सोमवार ते शुक्रवार. 'ऊव्राब्ल'मध्ये शनिवारही धरतात. पगारी रजा महिन्याला अडीच ऊव्राब्ल, वर्षाला ३०. तेच पाच आठवडे ऊव्रेमध्ये मोजले तर २५. मधे सण नसेल आणि सोमवार पहिला दिवस धरला, तर दहावा ऊव्रे दिवस शुक्रवारी येतो आणि दहावा ऊव्राब्ल गुरुवारीच. दंडाचं कलम असलेल्या करारात हा एक दिवस महाग पडतो.

'बायवीकली'त गोंधळ मुळातच आहे; आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांनी एकदा, हे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्रेंचमध्ये आठवड्यातून दोनदा 'बिएब्दोमादेर', महिन्यातून दोनदा 'बिमाँस्युएल', दर दोन महिन्यांनी 'बिमेस्त्रिएल'. शेवटचे दोन फ्रेंच लोकही एकमेकांत मिसळतात, म्हणून 'दर पंधरा दिवसांनी' असं उलगडून लिहिलेलं बरं.

घड्याळाची वेळ चोवीस तासांत: दुपारचे अडीच म्हणजे १४ आणि ३०, मधे छोटं एच अक्षर, त्याच्या दोन्ही बाजूंना न तुटणारी जागा. ती जागा साधी राहिली तर ओळीच्या शेवटी १४ वर आणि ३० खाली पडतात. इंग्रजीतले 'बारा एएम' स्वतंत्रपणे शोधून तपासावेत. मध्यरात्रीचे सव्वाबारा म्हणजे शून्य आणि १५.

शब्दसूची, म्हणजे कुठल्या शब्दाला कुठला फ्रेंच शब्द घ्यायचा हे यंत्राला आधीच सांगणारी यादी, तिच्याबद्दल एवढंच: नामं घाला, शब्दयोगी अव्ययं नकोत. 'बिझनेस डे' सूचीत नीट बसतो. 'बाय' घातला तर 'अमक्याने लिहिलेलं' यातला 'बाय'सुद्धा मुदत होऊन बसतो. वार-महिने सूचीत लहान अक्षरानेच लिहा. नुसता 'लँदी' म्हणजे येता किंवा गेला सोमवार आणि 'ल लँदी' म्हणजे दर सोमवारी, हे मात्र सूचीला शिकवता येत नाही, हाताने बघावं लागतं.

वाचक क्युबेकचा, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातला, असेल तर आणखी एक तपासणी. तिथे परंपरेने 'देझने' सकाळचं खाणं, 'दिने' दुपारचं आणि 'सुपे' रात्रीचं; पॅरिसमध्ये 'देझने' दुपारी आणि 'दिने' रात्री. त्यामुळे जेवणाच्या निमंत्रणात शब्दाच्या जोडीला घड्याळाचा आकडा लिहायचाच.