अमेरिकेची ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंग, सांगलीचं करंट खातं आणि माझे १,९०,२९९ रुपये

घरबसल्या अमेरिकेची ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंग, या नावाखाली मी फसले. आधी आकडे मांडते, म्हणजे 'थोडक्यात वाचलीस' असं कुणी म्हणायला नको. नोंदणी ४,९९९. पहिला हप्ता ६५,०००. दुसरा हप्ता ६५,०००. 'क्रेडिट ट्रान्स्फर' २२,५००. 'प्रोजेक्ट गाइड' १८,०००. 'अपोस्टिल व कुरिअर' १४,८००. एकूण १,९०,२९९ रुपये. यातले १,००,००० पतसंस्थेत बांगड्या गहाण ठेवून काढलेले आहेत. त्याचं व्याज अजून चालूच आहे, ते यात धरलेलं नाही.

मी सांगलीत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूला स्टाफ नर्स आहे. आधी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग त्यावरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी. नर्सिंगमधल्या लोकांना पुढचं सांगायला नको. वॉर्डात कितीही वर्षं काढली तरी पगार हलत नाही आणि नाइट सुटत नाही. टीचिंगला जावं म्हटलं तर बी.एस्सी.वर ट्यूटर म्हणून घेतात, पण असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एम.एस्सी. लागतेच. एम.एस्सी. म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे नोकरीवर पाणी. घरात दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. अशा बाईला कुणी 'घरबसल्या, ड्यूटी सांभाळून, नर्स एज्युकेटरची मास्टर्स डिग्री' म्हटलं तर ती ऐकून घेणारच.

'एवढी शिकलेली बाई फसते कशी?' हे आमच्या जाऊबाई विचारून झाल्या, आता दुसऱ्या कुणी विचारू नका. शिकलेलीच फसते. न शिकलेल्या बाईला एम.एस्सी. कोण विकणार?

शिवाय मी काही हवेत उडी मारली नव्हती. आमच्या एका सीनियर सिस्टरनी इग्नूतून दूरशिक्षणानं पोस्ट बेसिक केलेलं मी पाहिलंय, आणि ते खरं होतं. कोविडात नर्सिंग कॉलेजांची थिअरी मोबाइलवर चाललेली सगळ्यांनी पाहिली. त्यामुळे 'नर्सिंग आणि ऑनलाइन?' असा प्रश्न डोक्यात आलाच नाही. यायला हवा होता, असं आता सगळेच म्हणतात.

हा कोर्स विकणाऱ्यांचं ऑफिस इथल्याच विश्रामबागेत होतं. क्लासेसची गर्दी असते तशा इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, काचेचा दरवाजा, आत एसी. काउन्सेलर मुलीनं लॅपटॉपवर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांची पानं उघडून दाखवली. ती पानं खरी होती! हे नीट समजून घ्या, कारण सगळा डाव तिथेच आहे. अमेरिकेत 'मास्टर ऑफ सायन्स इन नर्सिंग' ऑनलाइन करता येते, नर्स एज्युकेटर हा त्यातला रीतसर ट्रॅक आहे, नंतर तिकडच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगची सर्टिफाइड नर्स एज्युकेटर परीक्षाही देता येते. घरी येऊन मी स्वतः शोधलं तर सगळं तसंच सापडलं. मग संशय कशावर घ्यायचा?

त्या मुलीनं फक्त एवढंच सांगितलं नाही की ते अमेरिकेतल्या नर्सेससाठी आहे. तिथे प्रवेशालाच तिकडचं चालू आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं, लायसन्स मागतात. लेक्चर ऑनलाइन असली तरी प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा भाग, असतो, आपल्या भागातली प्रीसेप्टर, म्हणजे मार्गदर्शक नर्स, शोधून तिच्या हाताखाली तास भरावे लागतात. शिवाय प्रोग्रॅमला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या तिकडच्या संस्थांचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का, हे तिथली नर्स सगळ्यात आधी बघते. मला जी युनिव्हर्सिटी विकली तिच्या वेबसाइटचा शेवट 'डॉट ईडीयू'सुद्धा नव्हता. हे शेपूट अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजांनाच मिळतं. कुणी अमेरिकन डिग्री विकायला आला की आधी पत्त्याचा शेवट वाचा, ब्रोशर नंतर.

आता तो क्षण. ऑगस्ट २०२४. नाइट करून थेट तिथे गेलेली, डोळे चुरचुरत होते. 'स्कॉलरशिप आज संध्याकाळपर्यंतच, मॅडम' असं चाललेलं. पहिल्या हप्त्यासाठी तिनं एक चिठ्ठी पुढे सरकवली. खात्याचं नाव कुठलंसं 'एंटरप्रायजेस', खातं करंट, शाखा सांगली.

अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीची फी, आणि शाखा सांगली.

माझ्या मावसभावाचा मुलगा जर्मनीत शिकतो. त्याची फी भरायची असली की भाऊ बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरतो, पॅन लावतो, युनिव्हर्सिटीचं पत्र लावतो. तो फॉर्म मी त्याच्या घरी टेबलावर पाहिलाय, त्यावर चहाचा कप ठेवू नको म्हणून वहिनींचं बोलणंही खाल्लंय. मला माहीत होतं! विचारलंसुद्धा, "फी थेट युनिव्हर्सिटीला नाही का जात?" ती हसून म्हणाली, "मॅडम, तुम्ही डॉलरमध्ये भरलं तर वर टीसीएस लागेल. आम्ही सगळ्या स्टुडंट्सचं एकत्र पाठवतो, तुमचेच पैसे वाचतात." टीसीएस म्हटल्यावर मी गप्प. आयसीयूत व्हेंटिलेटरचं सेटिंग विचारा, झोपेत सांगेन, टॅक्सचं मला काय कळतंय? नंतर कळलं की टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वर गोळा करते तो कर, आणि त्या वर्षी परदेशी पाठवलेल्या सात लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस नव्हताच. म्हणजे कारणही खोटं. पण त्या क्षणी पेंगुळलेल्या माणसासमोर कुणी आत्मविश्वासानं तीन इंग्रजी अक्षरं टाकली की मान हलते. माझी हलली. ६५,००० गेले.

परदेशी शिक्षणाची फी देशातल्या कुठल्या एंटरप्रायजेसच्या, ट्रेडर्सच्या, कुणा सरांच्या खात्यात भरायला सांगितली तर तिथूनच उठा. चप्पल शोधत बसू नका.

पुढचं तर सरळ रुळावर होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, पण त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकत होते. कुणी कुणाला विचारूच शकत नव्हतं की तुला काय शिकवलं, तू किती भरलेस. 'अ‍ॅडमिशन झालेल्यांशी बोलू द्या' म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याचं दुकान तिथेच ओळखा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा माझा नोंदणी क्रमांक वर्षभरात कुणी एकदाही मागितला नाही. नर्सच्या मास्टर्सला नर्स असल्याचा पुरावा नको! प्रॅक्टिकमबद्दल विचारलं तर म्हणे, तुमची आयसीयूची ड्यूटी हेच क्लिनिकल. मला तर तेव्हा बरंच वाटलं, इतकी वर्षं घासली त्याची कुणीतरी किंमत केली म्हणून. परीक्षा चाळीस प्रश्नांची, पर्याय निवडायचे, आणि प्रश्न आधी पाठवलेल्या पीडीएफमधलेच, त्याच क्रमानं. 'क्रेडिट ट्रान्स्फर'चे २२,५०० तर माझ्याच बी.एस्सी.चे गुण त्यांच्या फॉर्मवर उतरवून घ्यायचे.

पदवीदान एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. गाऊनला डांबरगोळ्यांचा वास, कॉलरच्या आत मार्करनं लिहिलेला लाँड्रीचा नंबर. मिस्टरांनी फोटो काढले, मी स्टेटसला टाकले, माहेरून फोन आले. ते फोटो आता कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहेत ते आठवलं की नको वाटतं.

आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का! १४,८०० घेतले 'मुंबईत परराष्ट्र खात्याचा शिक्का मारून आणतो' म्हणून. अमेरिकेतल्या कागदावर अपोस्टिल अमेरिकेतच होतं, ज्या राज्यातला कागद त्या राज्यात. आपलं परराष्ट्र खातं आपल्या कागदांवर शिक्का मारतं. शिक्का मुंबईत मारायचा तर कागद कुठे छापला असेल, हे मला कुणीतरी तेव्हा विचारायला हवं होतं.

सर्टिफिकेट घेऊन मी जिल्ह्यातल्याच एका नर्सिंग कॉलेजला इंटरव्ह्यूला गेले. प्राचार्य मॅडमनी ते उलटं करून मागची बाजू पाहिली, परत सुलटं केलं आणि विचारलं, "कौन्सिलकडे अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून चढवलंय का हे?" नव्हतं. त्यांनी मग शांतपणे सांगितलं. नर्सिंगची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं द्यायला यूजीसीच्या २०२०च्या नियमांत मनाई आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिल एम.एस्सी. मानते ती दोन वर्षांची, पूर्णवेळ, हॉस्पिटलच्या क्लिनिकलसह. आपल्याकडे एम.एस्सी.ला 'नर्स एज्युकेटर' नावाची स्पेशालिटीच नसते. मेडिकल-सर्जिकल, चाइल्ड हेल्थ, कम्युनिटी, सायकिअ‍ॅट्रिक, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग) यांतली एक घ्यायची. नर्सिंग एज्युकेशन हा सगळ्यांनाच पहिल्या वर्षी असलेला विषय. नर्सिंगच्या परदेशी पदवीला भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता पत्रही मिळत नाही, ते कौन्सिलचं काम. मॅडम वाईट बोलल्या नाहीत, चहाही मागवला. तो कसा संपवला ते मलाच माहीत.

इथून पुढे खरी मजा.

विश्रामबागेत गेले तर काचेवरचं नाव खरवडून काढलेलं, आत इंटिरियरचं काम चाललेलं. पोलीस ठाण्यात गेले. अंमलदार म्हणाले, "ताई, पैसे तुमी सोताच दिलासा न्हवं? कोर्स झाला, सर्टिफिकीट हातात हाय, मग फसवणूक कशाची?" मी म्हटलं, सर्टिफिकेटच खोटं आहे. "खोटं हाय ते अमेरिकेनं सांगाय पायजे." अमेरिकेनं! त्यांनी सायबरकडे जायला सांगितलं, विद्यापीठ ऑनलाइन आहे म्हणून. सायबरच्या टेबलवर सांगितलं की ऑफिस प्रत्यक्ष होतं, पैसे ओळखीच्या माणसांना दिलेत, तेव्हा हे आर्थिक फसवणुकीचं, स्थानिक ठाण्याचं. परत ठाण्यात. तिथले साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी साहेब होते, तर 'दिवाणी बाब आहे, वकील बघा'. म्हणजे माझी फी फिरली नाही तेवढी मी फिरले.

बँकेत गेले. खातेदाराचं केवायसी पूर्ण आहे, तुम्ही स्वतः ओटीपी टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. तो खातेदार कोण हे तरी सांगा? ते गोपनीय. माझे पैसे ज्याच्याकडे गेले त्याचं नाव माझ्यापासून गोपनीय!

आणि सगळ्यात वरचा नमुना म्हणजे एक सरकारी ऑफिस. तिथे टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, आम्ही मान्यताप्राप्त संस्थांवर कारवाई करतो. ही संस्था मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही. मी दोनदा विचारून खात्री केली, माणूस गंभीरपणे बोलत होता. म्हणजे परवाना काढून चोरी केली तरच चोर सापडणार. वर सल्ला, "मॅडम, आधी चौकशी करायची ना." चौकशी करायला यांचाच फोन लावत होते, साहेब, रिंग वाजून वाजून बंद व्हायचा!

आमच्या बॅचमधली एक तासगावची सिस्टर मला नंतर योगायोगानं भेटली. तिचे १,७०,५०० गेलेत. तक्रारीवर सही करायला तयार नाही. सासरी माहीत नाही म्हणते. तिला मी काय बोलणार, मीही घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. पण एकटीचा अर्ज आणि दहाजणींचा अर्ज यात पोलिसांना फरक दिसतो, हे मला आता अनुभवानं माहीत आहे. त्या मंडळींनाही माहीत असणार, ग्रुप अ‍ॅडमिन-ओन्ली उगाच नव्हता.

वकिलांनी सांगितल्यावर गोष्टी थोड्या हलल्या. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तोंडी वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा, स्पीड पोस्टानं, पोच जपून ठेवा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४) आहे, ४२० म्हणत गेलात तर समोरचा त्यातच वेळ काढतो. पैसे नुकतेच गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. ग्राहक आयोगाला तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. समोरचा वकील 'शिक्षण ही सेवाच नाही' असं म्हणणार, हे आमच्या वकिलांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणू दे.

ज्या पोरी आत्ता कुठे तरी फॉर्म भरायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी: देशातल्या मान्य ऑनलाइन कोर्सला आता डीईबी-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो, तो तुमचा तुम्ही यूजीसीच्या पोर्टलवर काढायचा असतो. कुणी 'त्याची गरज नाही' म्हणालं की समजा. नर्सिंग तर त्या यादीत नाहीच. एम.एस्सी.साठी कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या यादीत स्वतः बघा, एजंटनं पाठवलेल्या पीडीएफमध्ये नको. अभिमत विद्यापीठ असेल तर नाशिकच्या यादीत नसेल, पण कौन्सिलच्या यादीत असलंच पाहिजे. आणि पावती. माझ्या १८,००० ची पावतीच नाही, 'गाइड सरांचं मानधन' म्हणून रोख दिले होते. तेवढी रक्कम अर्जातून सोडून द्या असं ठाण्यात सुचवलं गेलं. मी सोडलेली नाही. अर्जात पूर्ण १,९०,२९९ लिहिलेत, १८,००० पुढे 'रोख' असं लिहून.

अर्ज अधीक्षक कार्यालयात पोचल्याची पावती आली आहे. त्यानंतर ठाण्यातून एक फोन आला, मूळ सर्टिफिकेट घेऊन या म्हणून. झेरॉक्स देणार, मूळ देताना पंचनामा मागणार आहे. त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर आपापलं बँक स्टेटमेंट काढून ठेवा आणि ग्रुप डिलीट करू नका, त्यातले अ‍ॅडमिनचे नंबर उपयोगी पडणार आहेत.