अ‍ॅमोलेडवर राणी रंग जरा जास्तच राणी दिसतो: वापरानंतरचा अनुभव

माझं काम साड्यांचं. हिंदमाताच्या होलसेलवाल्यांकडून माल उचलायचा, डोंबिवलीला घरी फोटो काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना पाठवायचे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुना आयपीएस एलसीडीचा फोन सासूबाईंना दिला आणि मी अ‍ॅमोलेडवाला घेतला. दोन्ही स्क्रीनच्याच जाती: एलसीडीत मागून दिवा लावलेला असतो, अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. आता पाडवाही होऊन गेला, तेव्हा बोलायला हरकत नाही. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पंचवीस हजारांच्या आतबाहेर बघायला गेलं तर हाच मजकूर कितीतरी खोक्यांवर छापलेला असतो: ६.६७ इंच, १०८० बाय २४०० ठिपके, १२० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं), अ‍ॅमोलेड.

आधी रंग, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. फोन सुरू केला तेव्हा स्क्रीन ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर होती. बहुतेक फोन असेच येतात, दुकानात शेजारच्या फोनपेक्षा उठून दिसावेत म्हणून. राणी रंगाची साडी समोर पलंगावर पसरलेली आणि हातात तिचाच फोटो, तर फोटोतला रंग साडीपेक्षा दोन पावलं पुढे. डाळिंबीचा लालभडक झालेला. मोरपंखी तर इतका चकाकत होता की मोरानेही लाजावं. यामागचं गणित असं: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फोटो बहुतेक एसआरजीबी या रंगांच्या मापात असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली ठरवलेलं हे माप, त्या काळच्या मॉनिटरांना झेपेल एवढंच. आजच्या अ‍ॅमोलेडला त्याहून बरेच गडद लाल-हिरवे दाखवता येतात. व्हिव्हिडमध्ये फोन त्या छोट्या मापातला रंग आपल्या मोठ्या मापात ताणून बसवतो. फोटोत नसलेला गडदपणा येतो तो तिथून.

सेटिंगमध्ये डिस्प्ले, मग स्क्रीन कलर, मग ‘नॅचरल’. एवढं केल्यावर पहिले दोन दिवस सगळं मळकं वाटतं, डोळ्यांना सवय झालेली असते ना. नंतर मात्र चिंतामणी हा चिंतामणीच दिसतो. दुसरं म्हणजे ‘आय कम्फर्ट’, डोळ्यांसाठी स्क्रीन पिवळट करणारा मोड. माझ्याकडे तो सूर्यास्ताला आपोआप चालू व्हायचा आणि नेमक्या त्याच वेळी बायका ऑफिसातून सुटून साड्या बघायला लागतात. पिवळ्या झाकेत अबोली आणि फिकट केशरी यांत फरक कळत नाही. रंग ठरवायच्या वेळी मी तो बंद ठेवते.

जुन्या एलसीडीत ही भानगड नव्हती. त्याचा पॅनेल जेमतेम एसआरजीबीपुरता, त्यामुळे अति दाखवायची सोयच नव्हती. थोडं फिकट, पण खोटं नाही. म्हणून मोठी ऑर्डर पाठवायच्या आधी अजूनही मी सासूबाईंच्या फोनवर एकदा फोटो उघडून बघते. त्यांना वाटतं मी त्यांचे मेसेज वाचते. गिऱ्हाइकाच्या फोनवर काय सेटिंग आहे ते आपल्या हातात नाही. त्यामुळे खिडकीच्या उजेडात, साडीच्या पदराशेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो जास्तीचा काढते. कागद त्यांच्या स्क्रीनवर पिवळट दिसला तर साडीही तेवढीच पिवळट दिसतेय, हे बायकांना लगेच समजतं.

आता काळा. संक्रांतीच्या आधी माझ्याकडे काळ्या साड्यांचा सीझन असतो आणि अ‍ॅमोलेडची खरी शान तिथेच. एलसीडीत मागे सतत एक दिवा पेटलेला असतो, पुढचे द्रवस्फटिक त्याला फक्त अडवतात, आणि थोडा उजेड झिरपतोच. अंधारात काळा राखाडी दिसतो. अ‍ॅमोलेडमध्ये ज्या ठिकाणी काळा, तिथला पिक्सेल, म्हणजे ठिपका, विझलेलाच. काळ्यावर जरीचा काठ असा काही उमटतो की फोटो बघूनच साडी घ्यावीशी वाटते. पण रात्री ब्राइटनेस अगदी खाली असताना काळ्या कापडातली वीण, बारीक चौकडा, आतली बुट्टी, सगळं एका काळ्या डागात बुडून जातं. एलसीडी तो चौकडा बऱ्यापैकी दाखवायचा. काळी साडी बघताना ब्राइटनेस निम्म्याच्या वर न्यावाच लागतो.

उन्हाचं सांगते. खोक्यावर पीक ब्राइटनेसचा मोठा आकडा आहे, काही हजार निट्स (उजेडाचं माप). हा आकडा पूर्ण स्क्रीनचा नसतो. स्क्रीनच्या छोट्याशा भागावर, एचडीआर (जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या) व्हिडिओतल्या एखाद्या चमकीपुरता तो मिळतो. पूर्ण पांढरं पान उघडलं की उजेड त्याहून बराच कमी. तरीही ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर, छप्पर संपतं तिथे भर दुपारी उभी राहून मला मेसेज वाचता येतो. जुन्या फोनवर हाताची ओंजळ करावी लागायची. ऑटो ब्राइटनेस मात्र चालू हवा. हाताने पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी तो जादा उजेड मिळत नाही, उन्हाचा सेन्सरच तो सोडतो.

खरी पंचाईत उकाड्याची. ऑक्टोबरात आणि आता परत चैत्रात, उन्हात कॅमेरा आणि व्हिडिओ कॉल चालवला की थोड्याच वेळात स्क्रीन आपणहून मंद होते. बिघाड नाही हा. पॅनेल आणि बॅटरी वाचवायला फोन उजेड कमी करतो. होलसेलवाल्याच्या गाळ्याबाहेर उभं राहून गिऱ्हाइकाला व्हिडिओवर साड्या दाखवताना नेमकं हेच होतं. जाहिरातीतला निट्सचा आकडा थंड फोनचा असतो, आणि मुंबईत फोन थंड असतो तो दोन-अडीच महिने. मी आता फोनचं जाड कव्हर काढते आणि गाळ्यातल्या पंख्याखाली कॉल लावते. बराच फरक पडतो.

पावसाळ्याचं एकच: स्क्रीनखालचा बोटाचा ठसा ओल्या बोटाला दाद देत नाही. लोकलमधून उतरल्यावर पदराला बोट पुसायचं, मग फोन उघडायचा. सासूबाईंच्या एलसीडीत ठसा बाजूच्या बटणावर आहे, तो आमच्यापेक्षा शहाणा निघाला.

१२० हर्ट्झबद्दल लोक फार लिहितात. यादी सरकवताना लोण्यासारखी सरकते, छान वाटतं, संपलं. महागड्या फोनांत एलटीपीओ पॅनेल असतो, तो स्थिर चित्राला १ हर्ट्झपर्यंत खाली येतो. माझा तसा नाही, १२० आणि ६० यांमध्येच खेळतो. बॅटरीसाठी डार्क मोडचाही, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचाही, फार गाजावाजा आहे. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाने २०२१ साली मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर जेमतेम ३ ते ९ टक्के वीज वाचली. पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून फायदा नगण्य, उन्हात भरपूर. एलसीडीला यातलं काहीच लागू नाही, मागचा दिवा जळतोच.

अक्षरांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. अ‍ॅमोलेडमध्ये बहुधा हिरवे ठिपके पूर्ण असतात, लाल आणि निळे निम्मे. सुमारे ३९५ पीपीआयला (एका इंचात इतके ठिपके) ते डोळ्यांना कळत नाही, शिरोरेघ सरळ आणि स्वच्छ दिसते. पण बारीक अक्षरात ‘ष्ट्र’ किंवा ‘ऱ्ह’ आला की जवळ धरून बघा, कडेला किंचित रंगीत झाक असते. स्वस्तातल्या एचडी प्लस एलसीडीत, जिथे पीपीआय २७० च्या घरात असतो, अनुस्वार आणि चंद्रबिंदूच ओळखता येत नाहीत. मराठी वाचणाऱ्याने एकवेळ पॅनेलची जात सोडावी, १०८० सोडू नये.

माझ्या जाऊबाईंना जुन्या अ‍ॅमोलेडवर रात्री वाचलं की डोकं जड होतं. कमी ब्राइटनेसला हे पॅनेल भराभर उघडझाप करून उजेड कमी करतात. जुन्यांत सेकंदाला २४० वेळा, नव्यांपैकी काहींत १९२० किंवा ३८४०. माझा १९२० वाला आहे आणि मला त्रास नाही, पण हे ज्याचं त्याचं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर वेगात ठेवून स्क्रीन बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ती उघडझाप समजायची.

दुरुस्तीत मात्र अ‍ॅमोलेड खिसा कापतो. भाच्याच्या फोनची स्क्रीन फुटली तेव्हा स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, “ताई, ओरिजिनल फोल्डर महाग पडेल, इनसेल टाकून देतो, निम्म्याहून कमीत.” फोल्डर म्हणजे काच, टच आणि पॅनेल एकत्र. इनसेल म्हणजे एलसीडीच. अ‍ॅमोलेडच्या जागी तो बसवला की मागच्या दिव्यामुळे स्क्रीन जाड होते, काळा राखाडी होतो आणि खालचा बोटाचा ठसा कायमचा जातो, कारण दिव्याचा थर सेन्सरला आंधळा करतो. नुसती वरची काच फुटली असेल आणि चित्र, टच दोन्ही ठीक असतील तर ‘ग्लास चेंज’ करणारे कारागीर लॅमिंग्टन रोडला आणि मनीष मार्केटला मिळतात. तिथे मूळ पॅनेल तोच राहतो. भाच्याचं आम्ही तेच केलं. काच काढताना पॅनेल गेला तर जबाबदारी आपली, हे ते आधीच सांगतात.

स्क्रीनवर डाग बसण्याची, म्हणजे बर्न-इनची, भीती मलाही होती, कारण व्हॉट्सअ‍ॅपची वरची पट्टी दिवसभर तिथेच असते. अजून तरी पूर्ण राखाडी चित्र लावून पाहिलं तर एकसारखं दिसतं. स्क्रीन ३० सेकंदांत विझेल असं ठेवलंय.

दुकानात बघायला गेलात तर त्यांचा डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. तो असतोच मासे आणि फुलांचा, त्यात वाईट स्क्रीनही चांगली दिसते. अंगावरच्या ओढणीचा किंवा पदराचा फोटो तिथेच काढा, नॅचरल लावा आणि ओढणी शेजारी धरून बघा. सेल्समन जरा कंटाळतो, कंटाळू द्या.