गोणीतले पिस्टन

आमच्या घरच्या कॅम्परच्या, म्हणजे मागे हौदा असलेल्या जुन्या पिकअपच्या, कामात माझे २ लाख ८५ हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते कसे गेले हे मला सांगायचं आहे. जुनी पिकअप घ्यायची, नीट करायची आणि डोंगरात घालायची, ही हौस आता गावोगावच्या पोरांना लागली आहे. त्यातला एखादा जरी हे वाचून गॅरेजमध्ये दोन तास जास्त थांबला तरी माझं लिहिणं कामी आलं.

गाडी २००९ ची. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली तर चारही चाकांना ताकद देणारी. आबांनी घेतलेली. भोर तालुक्यात नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचं शेत आहे. डांबरी संपली की मुरूम, मुरूम संपला की एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे कातळाचा चढ. जुलैत तिथं दुसरी गाडी येत नाही. दुधाचे कॅन, खताची पोती, भाताची रोपं, एकदा तर भर पावसात शेजारची अडलेली बाळंतीण, सगळं याच गाडीच्या हौद्यातून नाहीतर मागच्या सीटवरून खाली आलं. आबा गेल्यावर गाडी गोठ्याशेजारी दोन वर्षं उभी होती. इंजिन धूर सोडत होतं, ऑइल खात होतं, हौद्याचा पत्रा खालून कुजला होता. आई म्हणायची, भंगारात घालू नको, त्यांचा हात आहे तिच्यावर. मलाही घालायची नव्हती. उलट जरा उंच करून, चांगले टायर टाकून सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर घाटवाटांवर न्यायची माझी इच्छा होती.

पुण्याबाहेरच्या एका गॅरेजचं नाव मित्राकडून कळलं. नाव इथं लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मालक चाळिशीचा, बोलायला अतिशय नम्र. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, ही गाडी विकू नका. असं लोखंड आता मिळत नाही." आबा गेल्यानंतर त्या गाडीबद्दल कुणी एवढ्या प्रेमानं बोललं नव्हतं. माझा विश्वास तिथंच बसला, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं असं मला आजही वाटतं.

अंदाजपत्रक त्याने साध्या पॅडवर लिहून दिलं. हाफ इंजिनचं काम, म्हणजे लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ८५ हजार. मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांना देणारा दातेरी जोड, नवीन, ३८ हजार. लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, ४५ हजार. पाच मड टायर ७२ हजार. हौद्याचा पत्रा आणि रंग ४५ हजार. क्राउन-पिनियन कशाला, असं मी विचारलं. त्याने गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा, हाताने हलवून दाखवला आणि म्हणाला, बघा किती प्ले आहे, किती ढिला आहे, डोंगरात सोडून देईल. शाफ्टला थोडा प्ले चांगल्या गाडीतही असतो हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त खडखड ऐकू आली.

फेब्रुवारीत गाडी दिली. अर्धे पैसे तेव्हाच दिले. नोकरीमुळे मला चार महिन्यांत दोनदाच जाता आलं, आणि दोन्ही वेळा इंजिन "लेथवाल्याकडे" गेलेलं होतं. पण फोनवर फोटो रोज संध्याकाळी यायचे. चकचकीत पिस्टन, क्राउन-पिनियनचं उघडं हाउसिंग, म्हणजे त्याचा डबा, त्यात बसवलेला नवा क्राउन, ग्रीसने माखलेला हात. मी ते आईला दाखवायचो. त्या फोटोंपैकी एकातही गाडीचा नंबर, चासी नंबर किंवा इंजिन नंबर दिसत नाही, हे मी जुलै महिन्यापर्यंत पाहिलंसुद्धा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी मिळाली. रंग झकास, उंची रुबाबदार. उरलेले पैसे मी तिथल्या तिथं दिले. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल घेतलं तर वर जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान आहे. मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलं. निघताना त्याने स्वतः एक गोणी उचलून हौद्यात ठेवली. "तुमचा काढलेला जुना माल. आमच्याकडे लपवाछपवी नाही." गोणीत चार पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे तुकडे. घरी येईपर्यंत माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदरच होता.

पहिला महिना गाडी छान चालली. ओढ्यापलीकडच्या चिखलात फोर बाय फोर टाकली की सरळ वर जायची. चिखलात सगळं झाकलं जातं, हे आता समजतं. या गाड्यांत फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कायम जोडले जातात, दोन्ही एकाच गतीने फिरतात. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते, एकच असावा लागतो. तो वेगळा असेल तर पुढची चाकं एक अंतर कापायला बघतात आणि मागची दुसरं. चिखलात चाक घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या, घट्ट जमिनीवर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या डब्यावर, आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो.

जुलैत चार दिवस उघडीप होती. कातळ वाळला होता. मी हौद्यात सहा पोती खत घेऊन फोर बाय फोर लो मध्ये चढत होतो. निम्म्यावर गाडी अशी आखडली की जणू कुणी चारही चाकांना ब्रेक लावला. मी क्लच सोडला, आणखी रेस दिली, आणि खालून सुरुंग फुटावा तसा आवाज झाला. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक दाबला तर पॅडल अर्ध्याहून खाली गेलं. डाव्या अंगाला दरी नाही, पण आठ-दहा फुटांचा खड्डा आहे. हँडब्रेक ओढून, मागे एका बांधाला टेकून गाडी थांबली. शेजारी आई बसली होती.

ट्रॅक्टरने टोचन करून गाडी भोरला आणली. तिथं एक वयस्कर मेस्त्री आहेत, आबांच्या वेळेपासून ओळखीचे. खरं तर पहिल्यांदाच त्यांच्याकडे जायला हवं होतं, पण लिफ्ट, मड टायर हे त्यांचं काम नव्हे असं मी धरून चाललो होतो. त्यांनी गाडी वर घेतली आणि काहीही उघडायच्या आधी खडू मागितला.

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे कुणालाही करता येतं. गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर केसचा लिव्हर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे दगड, आणि नुसत्या जॅकवर न राहता हाउसिंगखाली स्टँड. मागचं एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीला टेकलेलं ठेवायचं. टायरवर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजायचं. दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून एका चाकाचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एकेक फेरा, आणि शाफ्टचा आकडा हाच तुमचा रेशो. मग तेच पुढच्या चाकाला करायचं, फ्री व्हील हब (पुढचं चाक अॅक्सलपासून सोडवणारी कळ) असेल तर तो लॉक करून. माझ्या गाडीत पुढच्या शाफ्टचे चार फेरे होऊन रेघ थोडी पुढे गेली. मागच्या शाफ्टचे चार फेरे पुरे झाले नाहीत. मेस्त्रींनी ते तीनदा मोजलं, मला मोजायला लावलं. मग म्हणाले, "दादा, ह्यो मागचा जोड तुमच्या गाडीचा न्हाय. आबांच्या टायमाला म्या सोत्ता मोजल्याला हाय."

मागचं हाउसिंग उघडल्यावर आत वापरलेला, दातांवर चट्टे पडलेला सेट निघाला. चिठ्ठीत ३८ हजारांचा "नवीन" म्हणून लिहिलेला. आमचा मूळ सेट कुणाच्या गाडीत गेला हे मला सिद्ध करता आलेलं नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग इंजिन. नव्या लायनरच्या गाडीने महिन्यात दीड लिटर ऑइल खाल्लं होतं, म्हणून मी हेडही उघडायला सांगितलं. मेस्त्रींनी माझं बोट धरून लायनरच्या वरच्या कडेजवळ आतून फिरवलं. नखाला पायरी लागली. वर्षानुवर्षं रिंगा जिथवर जातात तिथवर लायनर झिजतो आणि त्याच्यावर कडा राहते, ती ती पायरी. नव्या लायनरला ती असूच शकत नाही. पिस्टनही जुनेच, फक्त माथा घासून चकचकीत केलेला. रिंगा आणि गॅस्केट तेवढे नवे.

"मग गोणीतले पिस्टन कुणाचे?" मी विचारलं. गोणी घरून आणवली. मेस्त्रींनी व्हर्नियर लावला. माझं इंजिन २५२३ सीसीचं, त्याचा बोअर, म्हणजे लायनरचा आतला व्यास, ८८.९ मिलीमीटर. गोणीतला पिस्टन ९४ च्या आसपास भरला. तो महिंद्राच्याच आधीच्या २४९८ सीसीच्या डिझेल इंजिनाचा माप. माझ्या लायनरमध्ये तो पिस्टन उतरणारच नाही. म्हणजे महिनाभरापासून मी ज्याला प्रामाणिकपणाचा पुरावा समजत होतो, ती गोणी दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची होती, आणि बहुतेक ती अशीच प्रत्येक गिऱ्हाइकाला दिली जात असणार. मी तिथं बसून रडलो. आबांनी ती गाडी वर्षानुवर्षं कापडाने पुसली होती.

लिफ्टबद्दल लिहिताना अजून हात थरथरतो, कारण त्यात आईचा जीव गेला असता. मागच्या कमानीखाली, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगखाली, एकावर एक दोन ठोकळे ठेवून मधे वेल्डिंग मारलं होतं. कमान अॅक्सलला बांधणारे यू बोल्ट जुनेच, ताणलेले, आट्यांवर गंज. अॅक्सल खाली गेल्यावर ब्रेकचा मागचा रबरी होज पाइप तेवढा लांब करावा लागतो. तो केलाच नव्हता. गाडी एका बाजूला झुकली की तो तारेसारखा ताणला जायचा. कातळावर तो टोपणाजवळ चिरला आणि तेल गेलं, म्हणून पॅडल खाली गेलं. ज्यांनी गाडी उंच करून घेतली असेल त्यांनी आजच मागचं चाक मोकळं लोंबेल इतकी गाडी वर घ्यावी आणि तो होज हाताने चाचपून बघावा. ढिला लागला पाहिजे.

टायरचं थोडक्यात. बाजूच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या "नव्या" टायरांवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा.

आणखी एक फसवणूक कागदाची. "मॉडिफिकेशन लीगल करून देतो, पासिंगला आपला माणूस आहे," असं तो म्हणाला होता. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओचा फिटनेस दाखला घ्यावा लागतो. ऑगस्टमध्ये पासिंगला नेली तेव्हा निरीक्षकांनी उंची बघूनच परत पाठवली, आणि ते बरोबरच होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२ अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.  हे मी आधी वाचायला हवं होतं, तो दोष माझा.

गॅरेजमालकाला फोन केला तर पहिल्या दिवशी "भाऊ, टेन्शन घेऊ नका", तिसऱ्या दिवशी "तुम्ही गाडी दुसरीकडे उघडली, आता आमची जबाबदारी नाही", आणि त्यानंतर फोन बंद. ही चूक तुम्ही करू नका. मी भावनेच्या भरात सगळं उघडून टाकलं. उघडायच्या आधी त्यांना लेखी कळवून, पंचासमक्ष, व्हिडिओ काढत उघडायला हवं होतं. नशिबाने मेस्त्रींच्या पोराने फोनवर बरंच चित्रण केलं होतं, इंजिन नंबरासकट.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर्ड एडीने नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. गाडी मालवाहू म्हणून नोंदवलेली आहे, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही, असा त्यांच्या वकिलाचा पहिला मुद्दा होता. पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात धरली जात नाही. म्हणून आम्ही सातबारा आणि डेअरीची पासबुकं जोडली आहेत. कच्ची चिठ्ठी, फोनवरून भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी आणि ते फोटो, एवढाच आमचा आधार आहे. रोख दिलेल्या ९० हजारांचा कुठेही पुरावा नाही.

गाडी आता पुन्हा मूळ उंचीवर आहे. मेस्त्रींनी दोन महिने शोधून मागचा जुळणारा सेट बसवला. बसवल्यावर खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. मी चाक दोन फेरे फिरवलं, मागे आणि पुढे, दोन्ही रेघा एकाच ठिकाणी आल्या. लिफ्टशिवायही ती कातळ चढते, टायरची हवा थोडी कमी केली की अजून सुखाने.

पुढच्या तारखेला मला ती गोणी आयोगापुढे न्यायची आहे. आईने तिचं तोंड सुतळीने शिवून ठेवलंय, आतला एकही तुकडा हरवू नये म्हणून.