व्हायोलिनच्या गजासाठी सिलिकॉनची नळी: कोणी घ्यावी, कोणी नको

गजावर अंगठ्याच्या जागी चढवायची तीन-चार सेंटिमीटरची मऊ नळी वाद्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइनही मिळते. पाव किंवा अर्ध्या मापाचा गज धरणाऱ्या मुलांना ती खरोखर उपयोगी आहे. त्या गजाची काडी बारीक असते, मूल ती मुठीत आवळतं. जाडी वाढली की अंगठा वाकलेला आणि सैल राहतो.

मोठ्यांना मात्र आम्ही ती सुचवणार नाही. पूर्ण मापाचा गज साधारण 60 ग्रॅमचा, तोल मागच्या टोकापासून 25 सेंटिमीटरच्या आसपास. हाताशी दोन-अडीच ग्रॅम वाढले तरी तोल अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे येतो. गजाच्या पुढच्या टोकाकडे आवाज पातळ होतो, वादक तर्जनीने दाब वाढवतो, आणि तो दाब पेलायला अंगठा आणखी आवळतो. अंगठ्याच्या ज्या दुखण्यासाठी नळी आणली तेच वाढतं. विलंबित आलापीत लांब गज ओढताना हे लगेच जाणवतं.

बसवताना मागच्या टोकाचा स्क्रू पूर्ण काढा, फ्रॉग (हाताकडचा, केस अडकवलेला सरकता ठोकळा) सुटा करा, पण केसांना पीळ पडू देऊ नका. नळी मागून सरकवा. सरकत नसेल तर आतून थोडी टाल्कम पावडर लावा. स्पिरिट अजिबात नको, व्हार्निश उतरतं. केस पूर्ण ढिले असताना नळी आणि फ्रॉगमध्ये दोनेक मिलिमीटर फट उरलीच पाहिजे. नळी फ्रॉगला टेकली तर फ्रॉग पुढे येत नाही, केस ताणलेलेच राहतात आणि काडीचा बाक हळूहळू जातो. बिघडलेल्या गजांत हे कारण वारंवार सापडतं.

पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण. दमट हवेत केस लांबतात, ताण आणायला स्क्रू जास्त फिरवावा लागतो, फ्रॉग मागे जातो आणि फट रुंदावते. अंगठा तिच्यात घसरून काडीला नख लागतं. नळीखाली घाम साचून काडीवर गुंडाळलेली तार काळी पडते ते वेगळंच. पावसाळ्यात ती अधूनमधून काढून कोरडी पुसावी.

मोठ्यांसाठी खरा उपाय म्हणजे अंगठ्याखालचं चामडं नवीन करणं. ते झिजलं की नखाने काडीला खाच पडते, आणि खाच भरून काढण्याचं काम महाग पडतं. सुमारे एक मिलिमीटर जाडीचं, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद चामडं पुरतं. कडा तासून पातळ केलेल्या हव्यात, सांधा अंगठ्याखाली येऊ नये, आणि फ्रॉगपाशी तीच दोन मिलिमीटरची फट. सरसाने चिकटवा. झटपट सुकणाऱ्या सुपरग्लूने चिकटवलेलं चामडं पुढच्या वेळी व्हार्निश घेऊनच निघतं.

अंगठ्याला टोचतो तो बहुतेकदा फ्रॉगचा कोपरा. कारखान्यातल्या स्वस्त गजाचा कोपरा 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित गोल करा. अंगठ्याच्या त्रासावरचा हा सगळ्यात स्वस्त इलाज. पर्नाम्बुको या ब्राझीलच्या लाकडाच्या जुन्या, चांगल्या गजाला मात्र पेपर लावू नका, तो गज दुरुस्त करणाऱ्याच्याच हाती द्या.

मुलांची नळीही कायमची नाही. करंगळी काडीवर वाकून उभी राहू लागली की काढून टाका.