डबीतलं पांढरं मलम

पावसाळ्यात दहा-दहा तास रेनकोट घालून दुचाकीवर पार्सलं पोचवणाऱ्याला जांघेत गजकर्ण झालं, यात नवल काहीच नाही. आधी रुपयाएवढा लाल डाग उठला. मग त्याची कड पसरत गेली, कडेवर बारीक पुरळ आणि कोंडा, मधला भाग मात्र साफ. खाज इतकी की सिग्नलला गाडी थांबली की जीव नकोसा व्हायचा. जागा दाखवायची लाज, म्हणून डॉक्टरकडे न जाता स्टेशनमागच्या गल्लीत एक 'वैद्य' बसतो त्याच्याकडे गेलो.

त्याने डाग बघितलाच नाही. "गोल आहे ना? खाजतंय ना? उष्णता आहे अंगात," एवढं बोलून २८० रुपयांना एक डबी हातात ठेवली. चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठी. वर ना नाव, ना तारीख, ना आत काय घातलंय ते. "शुद्ध आयुर्वेदिक, घरीच बनवतो." बिल मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि गुण आला की हो! दुसऱ्या दिवशी खाज बंद, चौथ्या दिवशी लाली गायब. मी हौसेने दोन मित्रांनाही पत्ता दिला. त्यांची माफी नंतर मागितली.

डबी संपली की आठ दिवसांत डाग परत यायचा, आधीपेक्षा मोठा. मग पुन्हा डबी. पाच महिन्यांत सात डब्या झाल्या. डाग मांडीवरून कमरेवर, कमरेवरून पोटावर आले. आता ते आधीसारखे स्वच्छ गोल दिसत नव्हते, वर्तुळात वर्तुळ पडल्यासारखे दिसायचे. बायकोलाही परकराच्या नाडीखाली एक उठला.

सातव्या खेपेला पडदा अर्धवट सरकलेला होता. आत एक पोरगा पाटावर मलमाच्या ट्यूबा लाटण्याने लाटून पत्र्याच्या डब्यात रिकाम्या करत होता, आणि त्यातून चमच्याने डब्या भरत होता. चपट्या झालेल्या ट्यूबवर 'क्लोबेटासोल' एवढं मला वाचता आलं. कुठला पाला आणि कुठलं घरचं!

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात त्वचा विभागाची रांग धरली. डॉक्टर मॅडमनी आधी बोटांची बेचकी बघितली, रात्री खाज वाढते का, घरात सगळ्यांनाच खाजतंय का विचारलं. म्हणजे खरूज आहे का ते बघत होत्या. कोपरं-गुडघे बघितले, तिथे सोरायसिसची जाड चंदेरी खपली नव्हती. मग डागाच्या कडेवरचा कोंडा ब्लेडने खरवडून काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले.

क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून देतात, तिथे ते योग्यच. पण गजकर्ण म्हणजे बुरशी. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं. वर डागाचं रूप असं बदलतं की पुढचा डॉक्टरही चकतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा नियम २०१८ पासून आहे. डबीत भरून लेबल काढलं की नियम कोणाला लावणार?

मला आणि बायकोला एकदमच उपचार सुरू झाले, गोळ्या आणि बुरशीचं मलम. डाग दिसेनासा झाला तरी मॅडम सांगतील तोपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, जीन्स बंद. खाज जायला यावेळी तीन आठवडे लागले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोन दिवसांत गुण येणं हीच खरी शंकेची गोष्ट होती. जांघेतली कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उठलेत. ते पूर्ण जात नाहीत, म्हणाल्या.

बिननावाची डबी कोणी देत असेल, तर निदान एवढं विचारा की आत काय आहे, आणि लिहून मागा. फिका, बधिर डाग असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो, मलमाच्या नादी न लागता सरळ सरकारी दवाखाना गाठा. त्याच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात.

मी त्या वैद्याकडे पैसे मागायला गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "खाज थांबली होती ना?" मी गप्प. मग म्हणाला, "बरं, बिल दाखवा."