नेटवर्क चालवावे की विकून गुंतवावे?

सोलापुरात आधी केबल आणि आता फायबर इंटरनेट चालवणाऱ्या मालकापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: मोठ्या कंपनीने देऊ केलेला भाव घेऊन गुंतवणूकदार व्हावे, की जुळे सोलापूरपासून बाळ्यापर्यंतच्या खांबांवरचे आपले जाळे आपणच सांभाळावे? अशा वेळी राजीव चंद्रशेखर आणि सुनील मित्तल यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघेही 1990च्या दशकात मोबाईलच्या व्यवसायात उतरले आणि पुढे त्यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

चंद्रशेखर मूळचे अभियंते. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या रचनेवर काम केल्यानंतर 1994 मध्ये त्यांनी बीपीएल मोबाईल उभी केली. 2005 मध्ये आपला 64 टक्के हिस्सा त्यांनी एस्सार समूहाला सुमारे 1.1 अब्ज डॉलरना विकला, त्याच वर्षी ज्युपिटर कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी स्थापन केली आणि माध्यमांसह अनेक क्षेत्रांत पैसा घातला. (आज ते अनेकांना माजी केंद्रीय मंत्री म्हणूनच माहीत आहेत.) मित्तल यांनी लुधियान्यात सायकलच्या सुट्या भागांपासून सुरुवात केली, 1995 मध्ये दिल्लीत एअरटेलची सेवा आणली आणि नेटवर्क हातचे सोडले नाही.

विकणाऱ्याने घाई केली का? 2007 मध्ये व्होडाफोनने हचिसन समूहाचा भारतातील मोबाईल कंपनीतला हिस्सा सुमारे 11 अब्ज डॉलर मोजून घेतला, तेव्हा तसे वाटले असणार. पण बीपीएलचे मुंबईतले नेटवर्क पुढे लूप मोबाईल झाले आणि परवान्याची मुदत संपल्यावर 2014 मध्ये बंद पडले. दुसरीकडे, टिकून राहिलेल्या एअरटेलला 2016 मध्ये जिओ आल्यानंतरचे दरयुद्ध सोसावे लागले आणि 2019 मध्ये सरकारला द्यायचे शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचे यावरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एकाच तिमाहीत 23 हजार कोटींहून अधिक तोटा दाखवावा लागला. तो पचवायला मित्तल यांच्यामागे मोठे भांडवल होते. आपल्यामागे बहुधा बँकेचे कॅश क्रेडिट असते.

म्हणून माझा कल विकण्याकडे आहे, पण भाव चांगला मिळतो एवढ्यावरून नव्हे. गुंतवणूक कंपनीच्या अध्यक्षाचे काम दुसऱ्याचे ताळेबंद वाचणे, योग्य माणूस नेमणे आणि मग वर्षानुवर्षे हात न घालता थांबणे हे असते, आणि जन्मभर स्वतः शिडी लावलेल्या माणसाला हे थांबणेच सर्वांत जड जाते. अमेरिकेतल्या क्रेग मॅकॉ यांनी आपली मोबाईल कंपनी 1994 मध्ये एटी अँड टीला 11.5 अब्ज डॉलरना दिली. नंतर नेक्स्टेल या मोबाईल कंपनीतली त्यांची गुंतवणूक चांगली ठरली, पण उपग्रहावरून इंटरनेट देण्याची टेलिडेसिक ही योजना 2002 मध्ये गुंडाळावी लागली. म्हणजे स्वतःच्याच क्षेत्रातही, चालवण्याचे कौशल्य निवडण्याच्या कामी दर वेळी येत नाही.

चालवण्यातली खरी मिळकत वहीत दिसत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेआधी उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरच्या तारा उचलाव्या लागतात. त्या रात्री कुठल्या गल्लीतला जॉइंट आधी सोडायचा आणि कोणाच्या गच्चीवरून फायबर फिरवायची, हे मालकाला तोंडपाठ असते. घेणारी कंपनी ग्राहकांबरोबर हीच माहिती विकत घेत असते, त्यामुळे भाव ठरवताना ती मोजायला लावावी.

करारात दोन गोष्टी मात्र बारकाईने पाहाव्यात. ग्राहक टिकतील तसे पुढे मिळणारे पैसे हातात आले असे धरून कुठेही गुंतवू नयेत. आणि स्पर्धा न करण्याची अट किती वर्षांची व किती भागापुरती आहे ते सहीआधीच वकिलाकडून लिहून घ्यावे, कारण ती जिल्हाभर लागू झाली तर पंढरपूर किंवा बार्शीतल्या एखाद्या छोट्या नेटवर्कमध्ये पैसा घालण्याची वाटही बंद होते.